घासून न निघणारी मान

माझ्या आजाराचं पहिलं निदान नाशकातल्या सिडकोत, पवननगरच्या एका पार्लरमध्ये झालं. दातात दोरा धरून माझी हनुवटी साफ करता करता ती पार्लरवाली ताई मध्येच थांबली, दोरा तोंडातून काढला आणि म्हणाली, "आधी महिन्यानं यायच्या ना तुम्ही? आता बारा दिवसांवर आलात. पाळीचं काही आहे का?" मला राग आला. शेजारच्या खुर्चीवरची बाई आरशातून माझ्याकडे बघत होती. मी "नाही हो, काही नाही" म्हणाले, पैसे दिले आणि पुढचे दोन महिने दुसऱ्या पार्लरला गेले.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची. अंबडला एका कारखान्यात अकाउंट्सला. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली आणि पहिल्यापासून तिला तारखेचं काही पडलेलं नव्हतं. कधी चाळीस दिवस, कधी साठ. मावशी म्हणायची, "नशीबवान आहेस, वर्षातून पाचसहा वेळाच कटकट." मलाही तसंच वाटायचं. कॉलेजला असताना एकदा सोनोग्राफी झाली, रिपोर्टवर पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशात (ओव्हरीत) पुष्कळ बारीक गाठी, असं लिहून आलं. त्या वेळच्या डॉक्टरांनी एकवीस दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि जाता जाता आईला सांगितलं, "लग्न झालं की होईल सुरळीत." गोळ्या चालू असेपर्यंत पाळी घड्याळासारखी यायची, बंद केल्या की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तीन वेळा असं झाल्यावर मी नाद सोडला. लग्न काही होत नव्हतं, त्यामुळे तो दुसरा उपायही बाकीच होता.

पण आईला माझ्या पाळीपेक्षा माझ्या मानेची काळजी जास्त. मागच्या बाजूला, केस संपतात तिथे, एक काळी जाड रेघ उमटली होती. नुसती काळी नाही, हात लावला तर मखमलीसारखी लागायची. कडेला तिळाएवढ्या दोनतीन चामखिळी. घरात कुणाचं लग्न आलं की आई मला बाथरूमच्या उंबऱ्यावर पाठमोरी बसवायची आणि बेसन, हळद, साय लावून घासायची. त्यानं निघालं नाही की अर्धं लिंबू साखरेत बुडवून. मान लालबुंद व्हायची, आग व्हायची, काळेपणा होता तिथेच. "गाडीवर उन्हातून जातेस म्हणून," हे तिचं ठरलेलं. आता नाशकात ॲक्टिव्हावरून जाणारी कोणतीही मुलगी बघा. डोळे सोडून सगळं स्कार्फात गुंडाळलेलं असतं. ऊन माझ्या मानेपर्यंत पोचणार कुठून? हा प्रश्न आम्हा दोघींपैकी एकीलाही इतक्या वर्षांत पडला नाही.

वजन सहा वर्षांत ५४ वरून ७१ झालं. त्याचं खापर मी बसून करायच्या कामावर आणि मार्चएंडवर फोडलं. मग मागच्या वर्षी पाळी आलीच नाही. एक महिना, दोन, तीन. ११२ दिवसांनी आली ती थांबेना. सतरा दिवस अंगावर जात होतं. बाराव्या दिवशी ऑफिसचा जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी तिथेच पायरीवर बसले. आमच्या स्टोअरमधल्या काकांनी पाणी आणून दिलं आणि नजर दुसरीकडे वळवून विचारलं, "घरून कुणाला बोलवू का?" त्यांनाही तीन मुली आहेत.

गंगापूर रोडच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी सगळ्यात आधी रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं. ८.९ आलं. पण त्या आधी एक गंमत झाली, जी तेव्हा गंमत वाटली नव्हती. कागदावर पहिली तपासणी लिहिली होती ती गरोदरपणाची. आई ते वाचून एकदम गप्प झाली. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि सरळ म्हणाल्या, "पाळी चुकलेल्या प्रत्येक बाईची ही तपासणी मी पहिली करते. माझ्या मुलीचीही केली असती." तरी आई रिक्षात सीबीएस स्टँड येईपर्यंत बोलली नाही. निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडल्यावर म्हणाली, "मला माहीतच होतं." माहीत होतं तर एवढा वेळ खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर काय बघत होती, कोण जाणे.

सोनोग्राफीचा अनुभव ज्यांना आहे त्यांना सांगायला नको. लग्न झालेलं नसल्यानं पोटावरून करायची, म्हणजे लघवीची पिशवी गच्च भरलेली हवी. मी घरून एक लिटर पाणी पिऊन गेले, तिथे नंबर अकरावा. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली सात पोटुशा बायका आणि मी. शेजारचीनं प्रेमानं विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, "अकरावा." तिला नंबर विचारायचा नव्हता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

रिपोर्टात उजवं बीजांडकोश १३ घनसेंटिमीटर, डावं साडेअकरा, दोन्हीकडे कडेनं ओळीनं बारीक बारीक पोकळ्या. गर्भाशयाचं अस्तर १४ मिलिमीटर. मी ते 'सिस्ट' वाचून रात्रभर झोपले नाही. गाठी म्हटलं की माणसाच्या डोक्यात एकच शब्द येतो. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "या गाठी नाहीतच. हे तुझं बीज असलेले फुगे आहेत, अर्ध्या वाटेत अडकलेले. नाव चुकीचं पडलंय, आता सगळं जग तेच धरून बसलंय." आणि त्यांनी मला कॅनडा कॉर्नरजवळच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

या डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. मी फाइल पुढे केली, त्यांनी ती उघडलीच नाही. म्हणाल्या, "केस वर धरा." मी मागचे केस उचलले. त्यांनी मानेवरून बोट फिरवलं, मग शिंप्याकडे असते तसली टेप घेऊन कंबर मोजली. ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या पुढे गेली की धोक्याची, असं त्यांनी सांगितलं. रक्तदाब घेतला. पप्पांना मधुमेह कधी झाला ते विचारलं. शेहेचाळीसाव्या वर्षी. मग म्हणाल्या, "तुमची मान किती वर्षं काळी आहे?"

चौदापंधरा वर्षांत माझ्या मानेबद्दल प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टर. आई मध्येच बोलली, "खूप घासते हो मी, निघत नाही." त्या हसल्या नाहीत. "ती माती नाही, काकू. हिच्या रक्तात इन्शुलिन जास्त आहे. तेच कातडीला वाढ वाढ म्हणून सांगतंय. कितीही घासलं तरी आतून येतच राहणार."

आईचा हात आपोआप स्वतःच्या पदराकडे गेला. ते मी बघितलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. मला समजलं ते असं. शरीराच्या पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा झाल्या की स्वादुपिंड ते आणखी आणखी सोडतं. साखर जागेवर राहते, पण इन्शुलिनचा पूर येतो. आता स्नायू आणि यकृत त्याचं साखरेचं म्हणणं ऐकत नाहीत, पण बीजांडकोश मात्र त्याचं नको ते नीट ऐकतो. तिकडे मेंदूतल्या पीयूष ग्रंथीकडून एलएच नावाचं हार्मोनही जास्त येत असतं. दोघं मिळून बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतात. त्यात इन्शुलिन यकृताला दाबून एक प्रथिन कमी करतं, ज्याचं काम टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे त्या पुरुषी हार्मोनला, बांधून ठेवणं. बांधणारं कमी म्हणजे मोकळं फिरणारं जास्त. ते हनुवटीवर केस आणतं, कपाळावरचे नेतं. आणि बीजांडकोशात ज्या एका बीजानं महिन्याला मोठं व्हायचं, त्याच्याऐवजी वीसपंचवीस जणं थोडी थोडी वाढून थांबतात. एकही फुटून बाहेर येत नाही.

माझे ११२ दिवस आणि १७ दिवसही त्याच चित्रात बसले. बीज बाहेर पडलं नाही तर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला आवर घालणारं हार्मोन, तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र असतंच, ते अस्तर जाड करत राहतं. निचरा नाही. शेवटी ते स्वतःच्याच भारानं जमेल तसं, जमेल तितकं ढासळायला लागतं, म्हणून थांबत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मावशीचं 'वर्षातून पाचसहा वेळाच कटकट' मला तिथे आठवलं.

हे सगळं मी निफाडला मामाला सांगितलं तेव्हा मला कागदही लागला नाही. मामाची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. मी म्हटलं, "मामा, घडात मणी ढीगभर लागलेत, पण फुगवण एकालाही नाही." तो म्हणाला, "मग विरळणी केली नाही कुणी." मी म्हटलं, "ती आतून आपोआप व्हायला लागते. एक मणी पुढे जातो, बाकीचे गळतात. माझ्यात सगळेच अडकलेत." त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "हार्मोनचा घोळ आहे म्हण की. आम्हीपण जीएत घड बुडवतो तेव्हा एका दिवसाचा उशीर झाला की माल बिघडतो." तो जिबरेलिक आम्लाबद्दल बोलत होता, ते झाडांचं हार्मोनच आहे. घरात इतक्या जणांना समजावलं, पण एका वाक्यात समजलं ते मामाला.

रक्ताच्या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सतरा हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन, ही सगळी दुसरं काही नाही ना हे बघायला. टेस्टोस्टेरॉन वरच्या मर्यादेच्या जरा पुढे. चांगलं कोलेस्टेरॉल ३८, बायकांना ५० तरी हवं. पण खरा निकाल लागला तो ग्लुकोजच्या पाण्यानं.

आमच्या कंपनीत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. उपाशीपोटी साखर. माझी नेहमी नव्वदच्या घरात, शेरा 'नॉर्मल'. त्या जोरावर मी पप्पांना चहात साखर घालताना उपदेश करायचे. डॉक्टर म्हणाल्या, नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर जाऊ नका, पीसीओएसवाल्यांची (पीसीओडीचंच हे दुसरं नाव) ती पुष्कळदा ठीकच असते. ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करा.

उंटवाडी रोडच्या लॅबमध्ये सकाळी साडेसातला गेले. आधी एकदा रक्त घेतलं. मग एका मुलानं काचेच्या ग्लासात ते पाणी आणलं. "पाच मिनिटांत संपवा मॅडम, आणि उलटी करायची नाही, नाहीतर परत यावं लागेल." सरबतासारखं असेल असं वाटलं होतं. तिसऱ्या घोटाला जिभेवर चिकट थर बसला, पाचव्याला घसा बंद झाला. पाकातल्या गुलाबजामचं वाटीत उरलेलं पाणी पिण्याची लहानपणी मोठी हौस होती, ती त्या दिवशी फिटली. पुढे दोन तास बसून राहायचं, फिरायचं नाही, खायचं नाही. समोर एक आजोबा जेवणानंतरची साखर द्यायला आलेले, त्यांनी विचारलं, "एवढ्या लहान वयात शुगर?" मी म्हटलं, "नाही, बघताहेत." ते म्हणाले, "बघायला लागले म्हणजे सापडतेच." चावट म्हातारा. पण खरं बोलला.

उपाशीपोटी ९६. दोन तासांनी १६८. १४० च्या आत हवी, २०० ला मधुमेह म्हणतात. मी बरोबर मधल्या वाटेवर उभी होते आणि कंपनीच्या सहा रिपोर्टांनी मला सहा वर्षं 'नॉर्मल' म्हटलं होतं.

तोवर मी या आजाराला पोटाचा आजार समजत होते. घरचे त्याला लग्नाचा समजत होते, नंतर मुलाबाळांचा. मागे वळून बघितलं तर त्यात कुणाची फार चूक नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात बायकांवर निबंध लिहिला. त्यांना दिसले ते सुजलेले बीजांडकोश, त्यांनी त्याचा एक फाक कापून काढला आणि पाळी सुरू झाली. मग नाव बीजांडकोशावरून पडलं ते पडलंच. इन्शुलिनचा धागा सापडायला पुढे कितीतरी वर्षं गेली. २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञ जमले आणि तीनपैकी दोन लक्षणं पुरे असं ठरलं, अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. म्हणजे ज्या पोकळ्यांवरून नाव पडलं, त्या नसल्या तरी हा आजार असू शकतो! आणि आपल्याकडे अजून पोरीच्या हातात सोनोग्राफीचा कागद देतात आणि पोटावर हात ठेवून म्हणतात, गाठी आहेत.

औषधाची निवड डॉक्टरांनी माझ्यावर सोडली. पाळी नियमित करायला आणि केसांना एकवीस दिवसांच्या गोळ्या चांगल्या, असं त्या म्हणाल्या. मला त्या परत नको होत्या. मग ठरलं ते मेटफॉर्मिन, आणि एक अट, ९० दिवस पाळी आली नाही तर दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन अस्तर रिकामं करायचं. त्यात हयगय नाही.

मेटफॉर्मिन मी पप्पांच्या डब्यात लहानपणापासून बघत आले होते. गोळे कॉलनीत त्यांच्या गोळ्यांबरोबर माझ्याही घेतल्या तेव्हा दुकानदारानं विचारलं, "काकांचा डोस वाढला का?" पहिले दहा दिवस हाल. ५०० चीच गोळी, रात्री जेवणावर घ्यायची, पण सकाळी नऊ ते अकरा मी कॉम्प्युटरसमोर कमी आणि टॉयलेटमध्ये जास्त. तोंडात पत्र्याची चव. माझी सहकारी म्हणाली, "बाहेरचं खाल्लंस का?" मी हो म्हटलं, कारण ते सांगायला सोपं. दोन आठवड्यांनी पोट सरावलं, मग हळूहळू डोस वाढला. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, तेव्हा वर्षातून एकदा ते बघायचं.

खाण्याचं लिहायला घेतलं तर वेगळं पुस्तक होईल, म्हणून दोनच गोष्टी. एक चहा. ऑफिसात दिवसाचे पाच, प्रत्येकी दोन चमचे साखर. कधी मोजलेच नव्हते, मोजल्यावर लाज वाटली. दुसरं साबुदाणा. आईची चतुर्थी, माझीही तिच्यामुळे. "उपासाचं आहे, हलकं असतं," असं ती म्हणायची. मी पप्पांचं मशीन घेतलं. साबुदाण्याच्या खिचडीनंतर दोन तासांनी १६१. दुसऱ्या दिवशी बाजरीची भाकरी, मेथी आणि दोन अंड्यांनंतर १२४. दोन्ही आकडे मी फ्रिजवर चिकटवले. आई म्हणाली, "देवाला मशीन लावू नये." पण पुढच्या चतुर्थीला भगर केली. ती काही फार वेगळी नाही हे मी मुद्दाम नाही सांगितलं, थोडी दिली. हं, गुळाचं मात्र भांडण झालंच. गूळ साखर नाही हे तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मिसळ सोडली नाही. नाशकात राहून मिसळ सोडणं मला जमणार नाही. मटकी दुप्पट, पाव एक, नंतरची जिलेबी बंद. रविवारीच.

आणि पांडवलेणी. सिडकोतून जवळ. पहाटे सहाला गेलं की पायऱ्यांवर नेहमीची माणसं असतात, खाली पार्किंगला हातात काठी घेतलेले काका, वर लेण्यांसमोर प्राणायाम करणाऱ्या बायका. पहिल्या दिवशी तीन वेळा बसले. पायऱ्या मी दरवेळी मोजते आणि दरवेळी आकडा वेगळा येतो. डॉक्टर म्हणाल्या होत्या की स्नायू काम करताना साखर ओढून घेतात, त्याला इन्शुलिनची फारशी वाट बघत नाहीत. म्हणून चालण्याबरोबर वजनंही उचला. घरी डंबेल नव्हते. मी दोन पाच-पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे पाण्यानं भरले. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो, असा त्यांचा हिशेब होता. अकाउंट्सवालीला टक्केवारी दिली की तिला बरं वाटतं. माझे साडेतीन ते सात किलो.

याच काळात सिन्नरचं एक स्थळ आलं. आई म्हणाली, आत्ता काही बोलू नकोस. मी कॉलेज रोडला त्या मुलाशी कॉफी पिताना सगळं सांगितलं, साखरेसकट. त्यानं "मुलं होतात ना पण?" विचारलं. होतात. बीज बाहेर पडायला मदत करणाऱ्या गोळ्या आहेत, बहुतेकींना दिवस राहतात, गरोदरपणी साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. हे मी त्याला नीट सांगितलं. पत्रिका जुळत नाही असा निरोप आठ दिवसांनी आला. पत्रिका आधीच जुळवून मग भेट ठरली होती.

उपचारांचा आठवा महिना असेल. रात्री आई देवघरापुढे वाकून वाती करत होती. केस वर बांधलेले. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांखाली मला तिची मान दिसली. तीच रेघ. तीच मखमल. माझ्या जन्मापासून ती मान माझ्यासमोर होती आणि ती 'मंगळसूत्रानं घासून' काळी झालेली असं आमच्या घरात ठरलेलं होतं. "आई, तुझी पाळी कशी होती गं?" ती वात वळतच राहिली. "यायची तीन-तीन महिन्यांनी. आमच्या वेळी कोण मोजत होतं?" माझ्या आधी दोन वेळा दिवस राहून गेले, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी, वातीचा कापूस हातात घेऊन कळलं. डॉक्टरांच्या खोलीत तिचा हात पदराकडे का गेला तेही.

तिची साखर जेवणानंतर २१२ निघाली. आता स्टीलच्या डब्यात तिघांच्या पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीवर मार्करनं पहिलं अक्षर. चुकून पप्पांची गोळी आईनं घेऊ नये म्हणून.

माझं वजन ६६ वर आलंय. ग्लुकोजचं पाणी पुन्हा प्यायले, तोच ग्लास, तोच मुलगा. दोन तासांनी १३८, अगदी काठावर पास. केसांचं म्हणाल तर गेलेले नाहीत. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, केसांना निदान सहा महिने, आणि जे जाड झालेत ते गोळीनं जाणार नाहीत. पवननगरच्या ताईकडे परत जायला लागले आहे. आता तीन आठवड्यांवर जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं दोरा दातात धरला, हनुवटीकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "होतं पाळीचंच." ती म्हणाली, "मला वाटलंच."

मान थोडी उजळली आहे. थोडीच.

मेमध्ये आईनं कैऱ्या आणल्या होत्या. पंचवीस किलो, मामासकट तीन घरांचं लोणचं आमच्याकडे होतं. स्वयंपाकघरात कागद पसरून फोडींचा डोंगर, मोहरीची डाळ, हिंग, तेल तापवून गार करायला ठेवलेलं. मी ऑफिसातून आले, बाथरूममध्ये गेले आणि बाहेर येऊन दारातच उभी राहिले. गेल्या पाळीला सदतीस दिवस झाले होते. कोणतीही पाळीची गोळी नाही, काही नाही. आपली आपण आली होती.

"आई," मी म्हटलं, "आली."

आईनं वर बघितलं. एक क्षण तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं आता ही रडणार. मसाल्यानं भरलेले हात तिनं तसेच हवेत धरले, उठली, कोपरानं कालनिर्णय पुढे ओढलं आणि मला म्हणाली, "मांड आधी." मी दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, दीड लिटरच्या खाली, लाल पेनानं टिंब काढलं.

"छान झालं," ती म्हणाली. मग पुन्हा पाटावर बसली आणि फोडींकडे बघत म्हणाली, "आता चार दिवस बरणीला हात लावू नकोस हं."